जुन्या नाशकातले वाडे: पडतात, पाडतात की पडू देतात?

पावसाळा तोंडावर आला की नाशिकच्या पेपरात एक बातमी ठरलेली असते, महापालिकेने जुन्या नाशकातल्या आणि पंचवटीतल्या धोकादायक वाड्यांना नोटिसा दिल्या. मग जोराचा पाऊस होतो, कुठल्यातरी गल्लीत भिंत नाहीतर अख्खा वाडा खाली येतो, गल्ली एवढी अरुंद की बंब आत जाईना, चार दिवस चर्चा होते आणि पुढच्या मे महिन्यात परत नोटिसा. आता त्यात २०२७ चा सिंहस्थ आलाय. रस्ता रुंद होणार म्हटलं की गंगेच्या, म्हणजे आपल्या गोदावरीच्या, दोन्ही काठांना जागेचा भाव विचारणारी माणसं फिरायला लागतात, आणि ज्या वाड्याकडे वीस वर्षं कुणी ढुंकून बघितलं नाही त्याच्या मालकाला अचानक चहाचं आमंत्रण येतं.

बाहेरून बघणाऱ्याला यातली एक गोष्ट कळतच नाही. जागा कोटीची, मालक आहे, भाडेकरू आहे, महापालिकाही आहे, मग चार कौलं कुणी का बदलत नाही? लोक म्हणतात मालक लोभी, भाडेकरू फुकटे, बिल्डर खलनायक. मला विचाराल तर एवढं सोपं नाहीये. खरी गंमत ही आहे की दुरुस्ती न करणं हे यातल्या प्रत्येकाला स्वतःपुरतं स्वस्त पडतं, आणि हे स्वस्त पडणं कायद्यातून, वारसाहक्कातून आणि जमिनीच्या भावातून आलंय. ते कसं, ते एकेक करून बघू. मी वकील नाही, त्यामुळे तुमच्या स्वतःच्या केसला हा लेख दाखवून भांडू नका, वकिलाकडे जा.

आधी वाडा उभा कसा राहतो ते

आपल्याला आरसीसीची सवय झालीय म्हणून वाड्याची भिंत बघून आपण म्हणतो, बापरे, मातीची भिंत, कधीही पडेल. पण बऱ्याच वाड्यांत वजन मुख्यतः लाकडी सांगाड्यावर असतं. खाली काळ्या दगडाचं जोतं, त्यावर दगडी तळखडे, तळखड्यांवर सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कडेपाट आणि वर माडी, शेवटी कौलारू छप्पर. दोन खांबांमधल्या जागेला खण म्हणायचं आणि जुनी माणसं घर खणांतच मोजायची. विटामातीची भिंत या सांगाड्याला आडोसा देते, थोडा आधारही देते.

आता पाणी. चार कौलं सरकली किंवा पन्हळ फुटली की पाणी भिंतीच्या माथ्यावरून आत उतरतं आणि नेमकं तिथे पोचतं जिथे तुळईचं टोक भिंतीत गेलेलं असतं. ते टोक कुजतं, वाळवी लागते, आणि मधली तुळई मात्र ठणठणीत दिसते, त्यामुळे घरातल्यांना कळतच नाही. वरून कुणीतरी ‘पक्कं’ करायचं म्हणून मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा मारतो. चुना आणि माती ओल बाहेर सोडतात, सिमेंट ती आत कोंडून ठेवतं, म्हणजे जे वाचवायला गेलो तेच लवकर कुजतं. म्हणजे सागवान म्हातारं झालं म्हणून वाडा जातो असं फार कमी वेळा होतं, पाणी आत आलं आणि ते कुणी थांबवलं नाही म्हणून तो जातो. दरवर्षी मे महिन्यात कौलं चाळणं, पन्हळ साफ करणं, फुटकं कौल बदलणं, एवढ्यावर पिढ्यानपिढ्या वाडे टिकले.

आणि एक, जुन्या नाशकात वाड्याला वाडा चिकटलेला आहे. तिळभांडेश्वर लेन घ्या, तांबट लेन घ्या, सराफ बाजारामागच्या गल्ल्या घ्या, दोन वाड्यांत पुष्कळदा एकच भिंत. त्यामुळे मधला एक पाडला की दोन्ही बाजूंचे शेजारी आधार गमावतात आणि त्यांच्या उघड्या पडलेल्या मातीच्या भिंतीवर पहिल्यांदाच थेट पाऊस पडतो. एक वाडा पाडण्याचा निर्णय कागदावर एकाच मालकाचा असतो, परिणाम तिघांवर होतो.

घराची किंमत शून्य, जागेची कोटीत

हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं कळतं. समजा एखाद्याकडे तीस वर्षांची बंद पडलेली स्कूटर आहे पण नंबर मात्र असा की त्यासाठी लोक लाखभर द्यायला तयार आहेत, तर तो स्कूटरचं इंजिन दुरुस्त करेल का? नाही करणार. उलट चालू स्कूटर कुणीतरी वापरत बसलं असेल तर ती अडचणच. वाड्याचं तसंच झालंय. बाजार वाड्याला, म्हणजे लाकूड, कोरीव महिरप, चौक, माडी यांना, काही किंमत देत नाही (जुन्या सागवानाचे व्यापारी देतात, पण तीही वाडा पाडल्यावर). किंमत आहे ती खालच्या जमिनीला. त्यामुळे दुरुस्तीवर घातलेला प्रत्येक रुपया मालकाच्या हिशोबात बुडीत, कारण विकताना तो परत येणार नाही.

मग भाड्यातून दुरुस्ती का होत नाही?

महाराष्ट्रात जुन्या भाडेकरूंना भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण आहे. आधी १९४७ चा कायदा होता, त्यात भाडं जवळजवळ गोठवूनच ठेवलेलं, त्याच्या जागी १९९९ चा कायदा आला, तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. नव्या कायद्यात मालकाला दरवर्षी ४ टक्के भाडेवाढ करता येते. ऐकायला बरं वाटतं. पण सुरुवात कुठून होते ते बघा. २००० साली दोन खोल्यांचं भाडं ५० रुपये असेल तर दरवर्षी चक्रवाढीने ४ टक्के वाढवत पंचवीस वर्षांनी ते होतं साधारण १३३ रुपये. महिन्याचं. सुताराची एक दिवसाची मजुरी त्याच्या कितीतरी पट आहे.

बरं, कायदा म्हणतो की घर राहण्यालायक ठेवणं ही मालकाची जबाबदारी. त्याने केलं नाही तर भाडेकरूने नोटीस द्यायची, पंधरा दिवस वाट बघायची आणि स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करायचा. फक्त एका वर्षात भाड्याच्या पाव हिश्शापेक्षा जास्त कापायचं नाही. करा हिशोब, १३३ गुणिले १२ म्हणजे १५९६, त्याचा पाव ३९९ रुपये. ३९९ रुपयांत वाड्याचं छप्पर. मालकाने मोठं काम काढलं तर भाडं काही प्रमाणात वाढवायचा मार्ग कागदावर आहे पण त्यालाही भाडेकरू राजी हवेत आणि त्या दोघांची बोलचाल बंद होऊन दहा वर्षं झालेली असतात.

भाडेकरूचा विचार केला तरी तेच. त्याने स्वतःच्या खिशातून दोन लाख घालून छप्पर नीट केलं तर घर त्याचं होणार नाही, उलट मालक म्हणेल विनापरवाना बदल केले, कारण परवानगीशिवाय कायमस्वरूपी बांधकाम करणं हे भाडेकरूला बाहेर काढायचं एक कारण कायद्यातच आहे. मग तो प्लॅस्टिकचा कागद टाकतो आणि वर विटा ठेवतो. निळे कागद टाकलेले वाडे बघून आपण हळहळतो, पण त्या माणसाकडे शहाणपणाचा दुसरा पर्याय नाहीये.

मालक मालक म्हणतो, पण मालक कोण?

पणजोबांनी वाडा बांधला. समजा त्यांच्या मागे चार मुलं, त्या प्रत्येकाला तीन, म्हणजे दुसऱ्या पिढीत बारा वाटेकरी, प्रत्येकाचा बारावा हिस्सा. त्यातला एक इंदिरानगरला, दोघं पुण्यात, एक अमेरिकेत, एका आत्याचं नाव लावायचंच राहिलेलं, एक काका गेले आणि त्यांची वारसनोंद कुणी केली नाही. सिटी सर्व्हेच्या प्रॉपर्टी कार्डावर, म्हणजे मालमत्ता पत्रकावर, अजून पणजोबाच ‘जिवंत’ आहेत. अशी घरं जुन्या नाशकात शोधायला लागत नाहीत.

आता या बारा जणांत दुरुस्तीचे सहा लाख काढायचे. जो वाड्यात राहतो त्याला गळतं, बाकी अकरांना गळत नाही. ते म्हणतात तू राहतोस, तू कर. तो म्हणतो मी एकट्याने का, उद्या विकताना तुम्ही समान वाटा घेणार. दोघांचंही बरोबर आहे. बँक कर्ज देत नाही कारण बारा सह्या हव्यात. मग वरची माडी बंद करतात, खाली दोन खोल्यांत राहतात, मग एक दिवस तेही गंगापूर रोडला फ्लॅटमध्ये जातात आणि दाराला कुलूप. बंद घर जास्त वेगाने कुजतं, कारण कौल सरकलेलं बघायलाही कुणी नाही.

आणि मग येतो हिस्सा विकत घेणारा

इथे खरा सट्टा आहे, आणि यावरच सगळ्यात कमी लिहिलं जातं म्हणून जरा सविस्तर.

समजा पूर्ण जागा, सगळ्या सह्या स्पष्ट, एकही भाडेकरू नाही, कोर्टात काही नाही, अशी असती तर तिला १ कोटी २० लाख आले असते. म्हणजे बाराव्या हिश्शाला कागदावर १० लाख. पण पुण्यातल्या पुतण्याला त्याच्या हिश्शाचे आज १० लाख कोण देणार? कोणीही नाही. कारण तो हिस्सा म्हणजे कुठली खोली नव्हे, तो आहे अविभक्त हिस्सा, म्हणजे वाटप न झालेला, अख्ख्या वाड्यात मिसळलेला. त्याच्याबरोबर अकरा भाऊबंद, सहा भाडेकरू आणि एक दावा फुकट येतो. म्हणून कुणीतरी त्याला म्हणतो, तीन घे आणि मोकळा हो. पुतण्याला वाटतं, कधी न बघितलेल्या वाड्याचे तीन लाख मिळतायत, वाईट काय. तो सही करतो.

ज्याने तीनला घेतलं त्याला बांधायचं नसतं. त्याला बाकीचे हिस्से गोळा करायचे असतात, किंवा नुसतं अडवून बसायचं असतं, जेणेकरून पुढे ज्याला बांधायचंय त्याला याच्याकडून हा हिस्सा महाग घ्यावा लागेल. स्वस्त अस्पष्ट हिस्से आणि महाग स्पष्ट जागा यातला फरक हाच त्याचा धंदा. आणि या धंद्यात वाडा जितका मोडकळीला येईल तितकं बरं, कारण उरलेले वाटेकरी घाबरून लवकर विकतात आणि भाडेकरू जीव मुठीत धरून निघून जातात. छप्पर दुरुस्त करायला त्याची सही लागली तर ती कधीच मिळत नाही. तो काही बेकायदा करत नाही हो, फक्त थांबतो. पाऊस त्याचं काम करतो.

याला कायद्यात तोड आहे, फार थोड्यांना माहीत असते. बाहेरच्या माणसाने कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा घेतला तरी मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४४ प्रमाणे तो ‘मी पण वाटेकरी, मलाही आत खोली द्या’ म्हणून घरात घुसू शकत नाही, त्याला वाटपाचा दावाच लावावा लागतो. आणि त्याने तसा दावा लावला की १८९३ च्या वाटप कायद्याचं कलम ४ जागं होतं, कुटुंबातला वाटेकरी कोर्टाला सांगू शकतो की याचा हिस्सा मी घेतो, किंमत तुम्ही ठरवा. शिवाय हिंदू वारसा कायद्याच्या कलम २२ मध्ये, मृत्युपत्र न करता गेलेल्याची मालमत्ता पहिल्या वर्गाच्या वारसांकडे एकत्र आली असेल आणि त्यातल्या एकाला विकायची असेल, तर बाकी वारसांना आधी घ्यायचा हक्क आहे. प्रत्यक्षात हे वापरलं का जात नाही, तर भाऊबंदांना विक्री झालेली कळतच नाही. पेपरात कोपऱ्यात बारीक टायपात जाहीर नोटीस येते, सिटी सर्व्हे नंबर अमुक, १४ दिवसांत हरकत घ्या, नाहीतर हक्क सोडला असं समजलं जाईल. ती कोण वाचतं? (त्या नोटिशीत लिहिलं म्हणून १४ दिवसांनी तुमचा मालकी हक्क हवेत विरत नाही, पण गप्प बसणं पुढे नडतं हे नक्की.)

एफएसआय म्हणजे काय, आणि गल्लीची रुंदी इतकी महत्त्वाची का

एफएसआय म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं तो आकडा. ३००० चौरस फुटाचा प्लॉट आणि एफएसआय दीड, तर ४५०० फूट बांधकाम. बस. नाशिकला सध्या २०२० मध्ये आलेली राज्याची एकत्रित नियमावली लागू आहे, तिच्यात हा आकडा समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतो, ९ मीटर ही एक मोठी पायरी. रस्ता तिच्या पुढे गेला की मूळ आकडा वाढतो, वर प्रीमियम भरून आणि टीडीआर लावून अजून वाढतो.

टीडीआर हा दुसरा शब्द. तुमच्या जागेवर जे बांधायला मिळत नाही, रस्त्यात जागा गेली म्हणून किंवा अजून कशामुळे, त्याची भरपाई कागदावर मिळते आणि तो कागद तुम्ही दुसऱ्या बिल्डरला विकू शकता, तो त्याच्या प्लॉटवर वापरतो.

आता आपला ३००० फुटांचा वाडा घ्या, तीन मीटरच्या गल्लीत. तळ आणि एक माडी मिळून त्याचं आत्ताचंच बांधकाम ४२०० फूट आहे. दीडच्या हिशोबाने नवीन मिळणार ४५००. त्यात सहा भाडेकरूंना जागा द्यायची, बारा मालकांना काहीतरी द्यायचं, जिना, पार्किंग काढायचं. बिल्डरला विकायला उरलं काय? भाडेकरू असलेल्या जुन्या इमारतींना नियमावली जादा एफएसआय देते, पण तीन मीटरच्या गल्लीत तो उंच नेऊन बसवणार कसा, समोरची हवा, अग्निशमनची गाडी, गाड्या ठेवायच्या कुठे. म्हणून गल्लीतले शेकडो वाडे ना दुरुस्त होतात ना नवीन होतात, नुसते बंद पडून राहतात. आणि मेन रोड, अशोक स्तंभ, रविवार कारंजा अशा रुंद तोंडाच्या जागा मात्र बघता बघता कॉम्प्लेक्स होऊन जातात.

म्हणूनच रस्ता रुंदीकरणाची नुसती आखणी आली की बाजार हलतो. रस्ता झालेला नसतो, एक वीट हललेली नसते, पण उद्या हा प्लॉट ९ मीटरच्या रस्त्यावर येईल एवढ्या आशेवर हिस्से फिरायला लागतात. सिंहस्थाच्या तोंडावर हे जास्त होतं यात नवल काय.

पूररेषेचं थोडक्यात

गोदावरीला २००८ मध्ये मोठा पूर आला, सराफ बाजारात, भांडी बाजारात दुकानं बुडाली, त्यानंतर नाशकात पूररेषांचा विषय ऐरणीवर आला. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांत एकदा येऊ शकेल अशा पुराची हद्द, लाल म्हणजे १०० वर्षांत एकदा. निळीच्या आत नवीन बांधकामाला कडक बंधनं. म्हणजे काठावरच्या वाड्याला एकाच वेळी गल्ली अरुंद, भाडेकरू, भाऊबंद आणि वर पूररेषा. तिथले बरेच वाडे नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीसारखे पाण्यात कंबरभर उभे राहून परत कोरडे झालेत, सागवान आणि दगडी जोतं हे सहन करतं, पण पूर ओसरल्यावर वाळवायला आणि तपासायला माणूस लागतो.

“धोकादायक आहे ना, माणसं मरतात, मग पाडा की”

हा आक्षेप सगळ्यात खरा आहे. कोरीव खांबासाठी कुणाचा जीव जाऊ नये, यावर वाद नाही. पण ‘धोकादायक’ हा एकच शिक्का नसतो. सरकारच्या वर्गवारीत सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करायची. सी-२बी म्हणजे लोक राहत असताना दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ. चारांतल्या तीन वर्गांत उत्तर दुरुस्ती आहे! पण बातमीत चारही वर्ग ‘धोकादायक वाडे’ म्हणून एकत्र येतात आणि लोकांना वाटतं सगळेच पाडायचेत.

मालकाला सी-१ हवा असतो कारण त्याने भाडेकरू बाहेर जातो, भाडेकरूला सी-२बी हवा असतो कारण त्याने तो आत राहतो, आणि दोघंही आपापला इंजिनिअर आणतात. त्यातही लाकडी सांगाडा तपासायची सवय असलेला इंजिनिअर मिळणं कठीण, जो येतो तो बहुतेक आरसीसीवाला, तो मातीची भिंत बघतो आणि लिहून मोकळा होतो.

भाडेकरूंच्या मनात एक भीती पक्की बसलेली असते, की वाडा पाडला की हक्क गेला. म्हणून सी-१ असला तरी ते बाहेर पडत नाहीत, आणि माणसं मरतात ती इथे. सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेने पाडलेल्या इमारतीच्या केसमध्ये स्पष्ट सांगितलंय की इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही, कारण भाडेपट्टा जमिनीलाही धरून असतो. म्हणजे खरंच सी-१ असेल तर बाहेर पडा, पण बाहेर पडायच्या आधी आपली खोली किती चौरस फूट आहे ते महापालिकेकडून मोजून लेखी घ्या. तो कागद नसेल तर कोर्ट तुमच्या बाजूचं असूनही तुम्ही काय सिद्ध करणार?

“हेरिटेज यादीत टाका, प्रश्न मिटला”

नाही मिटत. आधी हे बघा की जे वाचलंय ते का वाचलंय. पेशव्यांचा सरकारवाडा वाचला, कारण तो सरकारचा होता, आज राज्य संरक्षित स्मारक आहे (नाव घेतलं की अर्ध्या नाशिकला त्या नावाचं पोलीस स्टेशनच आठवतं, ते सोडा). भगूरचा सावरकर वाडा वाचला कारण तिथे सावरकर जन्मले. तिळभांडेश्वर लेनमधल्या अभिनव भारतच्या वास्तूचंही तसंच. मोठं नाव किंवा सरकारी मालकी, यातलं एक तरी. पण तांबटाचा, सराफाचा, भिक्षुकाचा वाडा, जिथे कुणी मोठा माणूस जन्मला नाही, पण ज्याच्यामुळे गल्ली गल्लीसारखी दिसते, त्याचं काय?

हेरिटेजच्या श्रेणी असतात. पहिल्या श्रेणीत जवळजवळ हात लावायचा नाही, दुसरीत आतले बदल चालतात, तिसरीत बरंच काही चालतं फक्त गल्लीचं रूप सांभाळायचं. मालकाला ‘श्रेणी’ ऐकलं की घाम फुटतो, कारण त्याला दिसतं की आता विकताही येणार नाही आणि दुरुस्तीचे पैसेही कुणी देणार नाही. मग यादी जाहीर व्हायच्या आत पाडून टाकायची घाई होते, वाडे वाचवण्यासाठी केलेली यादीच वाडे पाडायला लावते.

यावर उपाय म्हणून हेरिटेज टीडीआर आहे, बांधता न आलेलं क्षेत्र कागदावर घ्या, विका आणि त्या पैशात वाडा सांभाळा. कल्पना चांगलीच आहे. पण त्यासाठी वाडा यादीत हवा, मालकी स्पष्ट हवी, बाराच्या बारा सह्या हव्यात, आणि बाजारात टीडीआरला भाव हवा. रस्ते आणि आरक्षणांतून टीडीआर भरपूर आला की हेरिटेजवाल्याच्या कागदाला काय मिळणार. माझं मत विचाराल तर मालकाला मोठा टीडीआर कधीतरी मिळण्यापेक्षा दरवर्षी छप्पर आणि पन्हळीच्या कामाला घरपट्टीतून सूट मिळाली तर जास्त वाडे टिकतील.

“मग मालकाने काय आयुष्यभर सोसायचं?”

नाही, अजिबात नाही. १३३ रुपयांत आपला वारसा सांभाळ असं मालकाला सांगणं हा ढोंगीपणा आहे. जुन्या प्रमाणित भाड्याच्या पद्धतीवर सुप्रीम कोर्टानेच १९९७ मध्ये ताशेरे ओढले होते, की काळ बदलला आणि भाडं गोठलेलंच, हे न्याय्य नाही. पण त्याच मालकाला हेही विचारायला हवं की पाडल्यावर तुला नक्की काय मिळणार? अरुंद गल्लीत हिशोब बसत नाही हे आपण बघितलं. विकसन करारनामा आणि कुलमुखत्यारपत्र देऊन मोकळे झालेले, वाडा पाडून झालेला, बिल्डरचे पैसे संपलेले आणि जागेवर पत्रे मारलेले, असे प्लॉट जुन्या नाशकात चालत चालत दिसतात. तिथला मालकही गेला, भाडेकरूही गेला, शेजाऱ्याची भिंत मात्र उघडी पडली.

“सगळ्यावर क्लस्टर हाच उपाय”

क्लस्टर म्हणजे एकेक वाडा न घेता अख्खा भाग एकत्र करून नव्याने बांधायचा, रस्ते रुंद करायचे, एफएसआय भरपूर द्यायचा. गावठाणासाठी ही मागणी नाशकात वर्षानुवर्षं आहे, निवडणूक आली की जास्तच. पार्किंगचा, बंब आत जाण्याचा, ड्रेनेजचा प्रश्न त्याने सुटू शकतो हे खरंच आहे आणि जे लोक रोज तिथे राहतात त्यांची ही मागणी हसण्यावारी नेऊ नये. पण त्यात एका वाड्यात बारा सह्या जमत नाहीत तिथे पन्नास वाड्यांच्या सह्या जमवायच्यात. आणि क्लस्टर येणार येणार म्हणत जितकी वर्षं जातात तितकी वर्षं कुणीही कौल बदलत नाही, कारण उद्या पाडायचंच आहे ना. तांब्यापितळेची दुकानं खाली आणि माणसं वर, अशी जी भांडी बाजाराकडची रचना आहे ती क्लस्टरमध्ये कशी बसवणार, तांबटाचा ठोक्याचा आवाज सातव्या मजल्यावर चालेल का, याचं उत्तर मी तरी कुठल्या आराखड्यात वाचलेलं नाही.

तुमचा वाडा असेल तर

आधी सिटी सर्व्हे ऑफिसमधून प्रॉपर्टी कार्ड काढा, गेलेल्यांच्या वारसनोंदी करून घ्या, आत्या आणि बहिणींची नावं धरून, कारण त्यांचा हक्क कायद्याने आहे आणि त्यांना वगळून केलेला प्रत्येक व्यवहार पुढे कोर्टात जातो. नोटरीवर केलेल्या कुलमुखत्यारपत्रावर, कोऱ्या कागदावर, विसार पावतीवर घाईत सही करू नका, कितीही ओळखीचा असला तरी. हिस्सा विकायचाच असेल तर आधी भावंडांना लेखी विचारा. जाहीर नोटीस दिसली तर हरकत लेखी द्या, ज्या वकिलाने नोटीस दिलीय त्यालाही आणि सिटी सर्व्हेलाही, आणि आपल्या प्रतीवर पोच म्हणून सही-शिक्का घ्यायचा. पोच नसलेली हरकत म्हणजे न घेतलेली हरकत. आणि हे सगळं चालू असताना मे संपायच्या आत एक माणूस कौलांवर चढवा, सिमेंटची गोणी मात्र त्याच्या हातात देऊ नका.